एकशे दहा बाय सत्तर

माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक कार्ड ठेवलेलं आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळतं ते माता बाल संरक्षण कार्ड. वर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. आत दर महिन्याच्या तपासणीचे रकाने. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी. ह्या कार्डावर नाव माझं आहे. रकाने भरलेलं अक्षरही माझंच आहे. एकूण सहा तपासण्या लिहिल्यात. पहिली खरी आहे, पुढच्या पाच मी मनानं लिहिल्यात. त्या पाचांतली शेवटची एक जरी खरी असती, तर माझी धाकटी बहुतेक आज दोन वर्षांची असती.

मी नर्स आहे. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या पुढं एका गावात उपकेंद्र आहे, तिथं. गावातले लोक ‘शिष्टर’ म्हणतात. घर उमरग्यात. नवऱ्याचं हायवेला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. घरात सासूबाई, त्यांचं माहेर सीमेपलीकडं कानडी मुलखात, म्हणून त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. आणि माझी मोठी मुलगी. ही सगळी गोष्ट झाली तेव्हा ती पाच वर्षांची होती.

उमरग्याहून उपकेंद्राला स्कूटीवर पाऊण तास लागतो. मध्ये रस्ता असा की पोटातलं पाणी हलतं. सकाळी पाचला उठायचं, भाकरी थापायच्या, पोरीचा डबा भरायचा, अव्वांच्या गोळ्या काढून ठेवायच्या, आठच्या आत घर सोडायचं. परत यायची वेळ काही ठरलेली नाही. बाळंतीण अडली की अडली. पोरीच्या वेण्या घालायला रोज दहा मिनिटं जायची. एक दिवस मी तिला सरळ दुकानात नेलं आणि बॉयकट करून आणला. आरशात बघून ती जी रडायला लागली, ती रात्री जेवतानाही हुंदके देत होती. मी वर तिलाच रागावले. म्हटलं, “केस काय, पुन्हा येतेत. टाइम येतो का?” आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

एकदा महिला दिनाला आमच्या आरोग्य केंद्रात एक मॅडम भाषणाला आल्या होत्या. विषय होता आई, नोकरी आणि स्वतःचं आरोग्य. त्या म्हणाल्या, नोकरी करणारी आई म्हणजे तारेवरची कसरत. रोज स्वतःसाठी अर्धा तास काढा. आम्ही सगळ्या नर्सबाया मागं उभ्या राहून चहाचे कप भरत होतो. शेजारची मला कोपरानं ढोसून म्हणाली, “आगं, अर्धा तास कुठून काढायचा ते इचार की.” आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. तारेवरच्या बाईला निदान खाली उभी राहून बघणारी माणसं तरी असतात. आमच्याकडं कोण बघतंय? पण खरं सांगायचं तर मला अर्धा तास लागणारच नव्हता. मला एक मिनिट लागणार होतं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, मशीन घुर्र करतं, आकडा येतो. संपलं. बीपीचं मशीन माझ्याच पर्समध्ये असायचं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी माझी नोंदणी माझ्याच उपकेंद्रात केली. तसं मला उमरग्यात दाखवता आलं असतं, दवाखान्यांना तोटा नाही. पण मग रजा टाकून रांगेत कोण बसणार? पहिल्या दिवशी आमच्या आशाताईनं हौसेनं माझं वजन केलं, पट्टा बांधला. एकशे दहा बाय सत्तर. ती हसून म्हणाली, “शिष्टर, तुमी एकदम फिट हाव.” मी तो आकडा कार्डावर लिहिला. चांगला आकडा. कुणालाही आवडावा असा.

दुसऱ्या महिन्यात तपासणीची तारीख आली तेव्हा उपकेंद्रापुढं चौदा बाया बसल्या होत्या, त्यांची पोरं रडत होती, आणि माहिती संध्याकाळच्या आत ऑनलाइन भरायची होती. एखाद्या बाईची तपासणीची भेट राहून गेली की यादीत आपलं नाव लाल रंगात येतं आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. चौदा बायांचं झालं. पंधरावी मी. आशाताई म्हणाली, “शिष्टर, बसा जरा. तुमचंबी बघू.”

मी म्हटलं, “माझं मला कळतं. तू खुर्च्या आत घे.”

आणि लिहिलं. एकशे दहा बाय सत्तर. पुढच्या महिन्यात एकशे बारा बाय सत्तर. त्याच्या पुढं एकशे आठ. तेच तेच लिहिलं तर खोटं दिसतं, हे मला माहीत होतं. म्हणून थोडं खाली-वर करायचे. हिमोग्लोबिन दर महिन्याला पॉइंट दोननं वाढवायचे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत असं दिसावं म्हणून. गोळ्या पर्समध्ये होत्या. पाकीट न फोडलेलं. बायांच्या अंगावर ओरडायचे, “गोळ्या खाता का म्हशीला घालता?” आणि स्वतः अशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं.

ह्यात माझं कार्ड आमच्या भागात सगळ्यात नेटकं ठरलं. मीटिंगमध्ये साहेबांनी ते वर धरून दाखवलं आणि म्हणाले, “बघा, स्वतः गरोदर असून ह्या बाईंची एक भेट चुकली नाही.” टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सात वर्षांच्या नोकरीत कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

सहावा सरला आणि पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतून खळगा पडायचा. अंगठी निघेना, तेव्हा खोबरेल लावून ओढून काढली आणि डब्यात टाकली. डोकं दुखायचं, मागच्या बाजूला, मानेपाशी. मी बायांना शिकवायचे ते मला पाठ होतं: पाय-तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं, की घरी बसायचं नाही, थेट माझ्याकडं यायचं. माझ्यात तिन्ही होतं. पण नर्सला कारणं लई सापडतात. पाय सुजले? स्कूटीवर लोंबकळतात म्हणून. डोकं दुखतंय? उन्हानं, आणि सकाळी चहावर निघाले म्हणून. चमकलं? मोबाइलवर एवढी माहिती भरल्यावर चमकणारच की.

रजा होती, पण मी धरून ठेवली होती. सहा महिने मिळतात. आधी घेतली तर तेवढी बाळाच्या वाट्याची कमी होते. मोठीच्या वेळी मी लवकर घरी बसले आणि ती पाच महिन्यांची नसताना तिला अव्वांच्या मांडीवर टाकून निघाले होते. ब्लाउज ओला व्हायचा रस्त्यात. तसं ह्या वेळी होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ह्या बाळाला मी पुरेपूर मिळणार होते. हट्ट म्हणा, लोभ म्हणा. शिवाय मी कंत्राटी. दर वर्षी करार नवा होतो, आणि दुखणेकरी बाई कुणाला नको असते, ही भीती कायम पोटात.

घरात कुणी विचारलं नाही असं नाही. नवरा एकदा म्हणाला, “तोंड सुजल्यासारखं दिसायलंय गं.” मी म्हटलं, “सातव्यात असंच असतंय.” तो म्हणाला, “बघ बाबा, तू नर्स, तुलाच कळतंय,” आणि गॅरेजला गेला. त्याचं काय चुकलं? अव्वा तर गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, “आमाला कशाची काळजी? घरातच नर्स हाय.” दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्या घरी दिवा लावलाय म्हणून कुणी खाली बघितलंच नाही.

त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. आठवा लागायला दोन-तीन दिवस असतील. सकाळपासून छातीखाली, पोटाच्या वर, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं दुखत होतं. पित्त असेल म्हणून सोडा घातलेलं पाणी प्यायले. एक पोरगी आली, एकोणीस-वीसची, पहिलटकरीण. मागच्या महिन्यात तपासणीला आलीच नव्हती. मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, “सासूनं येऊ दिलं न्हाय म्हणतीस? पाय सासूचे हायेत का तुझे? स्वतःची नसली तर न्हाय, पोटातल्याची तर काळजी कर!” ती खाली मान घालून बसली. मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते. तिच्या बांगड्या मला दोन-दोन दिसायला लागल्या. मी डोळे पुसले. मग सगळीकडं पांढरं झालं.

पुढचं मला आशाताईनं सांगितलं. मी बसल्या जागी ताठ झाले, दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागले. बाया किंचाळून पोरं उचलून बाहेर पळाल्या. कुणी म्हणालं, कांदा हुंगवा, कुणी म्हणालं, चप्पल. आशाताईनं कुणाचं ऐकलं नाही. मीच शिकवलं होतं तसं मला डाव्या कुशीवर वळवलं, गाडीला फोन लावला, आणि त्या पोरीच्या दंडाचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला. एकशे ऐंशी बाय एकशे वीस. ती म्हणाली, “शिष्टर, मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्यांदा लावलं. तेवढंच.” नोंदणीच्या दिवसानंतर तो पट्टा माझ्या दंडाला पहिल्यांदाच लागत होता.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात माझं सीझर झालं. मुलगी झाली. सव्वा किलोला थोडी कमी. मला शुद्ध आल्यावर दोन दिवसांनी चाकाच्या खुर्चीवरून नेऊन दाखवली. काचेच्या पेटीत होती. पाय माझ्या अंगठ्याएवढे, नाकात नळी, टोपी डोळ्यांवर आलेली. तिथल्या सिस्टरनं पेटीच्या भोकातून हात घालू दिला. मी तिच्या तळव्याला बोट लावलं, तर तिनं ते धरलं. इतकं काही जोर लावून नाही, पण धरलं. मी मनात म्हटलं, तू फक्त जग बाई, मी नोकरी सोडते. खरंच म्हटलं होतं. दर दोन तासांनी मी दूध काढून द्यायचे. वाटीत जेमतेम चमचाभर यायचं आणि त्यातलं थोडंच ती घ्यायची.

पाचव्या दिवशी अव्वांनी उमरग्यात घरी पाचवी पुजली. बाळ लातूरला, बाळंतीण लातूरला, तरी पुजली. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाटा-वरवंटा मांडून पुढं कोरा कागद आणि पेन ठेवतात. घरात चालतं पेन सापडेना. पोरीनं सगळ्यांची टोपणं हरवलेली. अव्वांनी माझ्या पर्समधलं काढलं. निळं, टोपणाला चावल्याच्या खुणा असलेलं. मी रजिस्टर त्याच पेनानं लिहायचे. नवऱ्यानं फोनवर फोटो पाठवला: हळद-कुंकू, कागद, पेन. मी फोटो मोठा करून बघितला आणि फोन उशीखाली सरकवला.

आठव्या दिवशी दुपारी ती गेली. मी खाटेवर बसून दूध काढत होते. वॉर्डातली सिस्टर आली आणि माझ्या हातातून वाटी काढून घेतली. मीही कित्येक बायांच्या हातातून वाटी काढून घेतलेली आहे.

मी घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी चौकशीला लोक आले. बाळ दगावलं की येतात, तशी पद्धत आहे; कुणाच्या घरी आमच्यातली नर्सही जाते. एक डॉक्टर होते, बरोबर दुसऱ्या गावची नर्स. डॉक्टर भला माणूस. अव्वांनी पाणी दिलं. ते म्हणाले, “सिस्टर, कार्ड बघू.” मी कार्ड दिलं. त्यांनी एकेका रकान्यावर बोट फिरवलं. म्हणाले, “झटका यायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत सगळं नॉर्मल. एकदम चढलं. होतं कधीकधी असं. सिस्टर, तुमच्याकडून काहीच कमी पडलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका.”

तिथं मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. दुसऱ्या गावची ती नर्स माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला कळलंय. एकशे दहा, एकशे बारा, एकशे आठ. असं तीही लिहीत असणार. तिनं नजर खाली केली. मी तोंड मिटलं. नोकरी गेली तर, हा विचार माझ्या डोक्यात आला. बाळ जाऊन महिना झाला नव्हता आणि माझ्या डोक्यात नोकरी आली. नोकरी सोडते म्हणाले होते तिला. मी चौकशीच्या कागदावर सही केली.

दार लावताना अव्वा म्हणाल्या, “पाचवीला सटवाईनं लिहिलेलं चुकतंय व्हय? तू काय करशील.” त्या मला समजूत घालत होत्या, आणि मला वाटत होतं की ओरडावं.

दोन महिन्यांनी मी कामावर गेले. लोक म्हणाले, कामात जीव रमेल. रमतो कसला! ज्यांच्या बाळंतपणाच्या तारखा माझ्या आसपास होत्या, त्या बाया पोरं घेऊन लसीला यायला लागल्या. दीड महिन्याची लस, अडीच महिन्यांची लस. सुई टोचताना पोर रडलं की मी मनात हिशेब करायचे, आपली एवढी असती. आता मी एकाही बाईचा आकडा मनानं लिहीत नाही. नाव लाल रंगात येऊ दे नाहीतर काळ्या. मीटिंगमध्ये दोनदा बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली. पण स्वतःच्या दंडाला पट्टा मी तरीही लावला नाही. बाळंतपणानंतर बीपीची गोळी दिली होती, ती तीन महिने घेतली आणि मग कधी सुटली ते आठवत नाही. मशीन हातात घेतलं की मला ती अंगणवाडी दिसायची. हे निमित्त झालं, मला ठाऊक आहे. निमित्तं मला लई सापडतात, हे मघाशी सांगितलंच.

आणि घरात सटवाईचं चालूच होतं. कुणी बायका बसायला आल्या की अव्वा सांगायच्या, “आमच्या सूनबाईनं किती जपलं व्हतं, कार्ड बघा तिचं, डाक्टर बी म्हनले. पर सटवाईनंच आठ दिसांचं लिहिलं, त्याला कोन काय करनार.” मी चहा गाळत ऐकायचे. असं दोन वर्षं ऐकलं.

मागच्या महिन्यात शेजारी नातू झाला. रविवारी दुपारी अव्वा माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, “त्यांच्याकडं आज पाचवी हाय. तुझं ते निळं पेन दे गं, चांगलं चालतंय.”

मी भांडी घासत होते. मी म्हटलं, “न्हाय देणार.”

“का गं?”

“दुसरं कुठलंबी न्या. ते नका नेऊ. अव्वा, आपल्या बाळाचं सटवाईनं न्हाय लिहिलं. मी लिहिलं.”

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मी राखेचे हात तसेच साडीला पुसले, कपाटातून कार्ड काढलं आणि त्यांच्यापुढं फरशीवर बसले. अव्वांना वाचता येत नाही. मी एकेका आकड्यावर बोट ठेवून सांगितलं. हा खरा. हा मनानं लिहिला. हा मनानं. हासुद्धा. त्या माझ्या बोटाकडं बघत होत्या. शेवटच्या रकान्यापाशी आले आणि म्हटलं, “इथं मशीन लावलं असतं तर कळलं असतं, अव्वा. गोळी चालू झाली असती. ॲडमिट केलं असतं. एक मिनिटाचं काम होतं, आणि मी दुसऱ्यांच्या सुनांना शिव्या देत बसले.”

अव्वा शिव्या देतील असं वाटलं होतं. द्याव्या असंच वाटत होतं. मग त्यांनी माझ्या पावलावर हात ठेवला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो, मी पाय ओढायला गेले तर त्यांनी धरून ठेवला.

म्हणाल्या, “हे पाय सुजलेले मी बघितले व्हते. चपला काढताना तू भिंतीला धरायचीस. माझी धाकटी बहीन अशीच पाय सुजून गेली, भरल्या पोटानं, आमच्या गावाकडं. मला म्हाईत व्हतं. तुला सांगावं असं तोंडावर आलं, आन् म्हनलं, आपन अडानी, ती नर्स हाय, तिला काय शिकवायचं. दोन साल झालं, मीबी सटवाईवर ढकलतेय.”

मग आम्ही दोघी रडलो. शेजारून पाचवीला बोलवायला पोरगी आली, ती दारातूनच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. उपकेंद्रात गरोदर बायांची तपासणी होती, सतरा नावं होती यादीत. मी डबा भरला. मुलगी आता सात वर्षांची आहे. तिचे केस पुन्हा वाढलेत; अव्वा उंबऱ्यात बसून तिच्या वेण्या घालत होत्या. मी पर्स खांद्याला लावून पायात चपला घातल्या तर अव्वा म्हणाल्या, “थांब. ती मशीन काढ.”

“उशीर व्हायलाय अव्वा, बाया खोळंबत्यात.”

“काढ म्हनते ना. कसं बांधत्यात ते दाव मला.”

मी काढलं. त्यांनी पट्टा उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. वेणीच्या तेलाचे हात पट्ट्याला लागले. त्यांनी माझ्या दंडाला तो घट्ट बांधला आणि कुठलं बटण ते विचारून एका बोटानं दाबलं. मशीन घुर्र वाजलं. पट्टा आवळत गेला. आम्ही दोघी त्या छोट्या काचेकडं बघत बसलो. आकडे थांबले.

“काय आलं?” अव्वांनी विचारलं.

मला आकडा दिसला होता. सतरा बायाही दिसत होत्या, आणि स्कूटी, आणि पाऊण तासाचा रस्ता. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी म्हणाले, “नॉर्मल हाय, अव्वा. एकशे दहा बाय सत्तर.”

अव्वांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. कालचं एवढं सगळं होऊनसुद्धा ठेवला. त्या पट्टा सोडायला लागल्या.

मुलगी अर्धी वेणी हातात धरून माझ्या मागून डोकावली. तिला हल्ली दिसेल तो आकडा वाचायचा नाद आहे. ट्रकचे नंबर, दुकानाच्या पाट्या, काही सोडत नाही. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, “वर एक, पाच, दोन. खाली नऊ, आठ. मम्मी, ह्यात सत्तर कुठंय?”

अव्वांचे हात पट्ट्यावरच थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं सोसेना. “किती असावं लागतंय?” त्यांनी विचारलं.

“एकशे वीस,” मी म्हणाले. “खालचं ऐंशी.”

अव्वा गुडघ्यावर हात देऊन उठल्या, माझ्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन माझ्या नवऱ्याला गॅरेजवर फोन लावायला मुलीला सांगितलं. मग माझ्या पायातल्या चपला त्यांनी स्वतः वाकून काढल्या.